डेव्हिड विल्की : जत्रेचा चित्रकार दरबारात गेल्यावर बदलला का?

प्रश्न

श्रीरंगपट्टणच्या १७९९ मधील वेढ्याविषयी वाचताना, टिपू सुलतानाचा मृतदेह सापडल्याचा क्षण दाखवणारे सर डेव्हिड विल्की यांचे १८३९ चे भव्य तैलचित्र पाहण्यात आले. याच स्कॉटिश चित्रकाराने तरुणपणी ‘द ब्लाइंड फिडलर’सारखी, साध्या घरातील प्रसंगांची बारकाईने रंगवलेली छोटी चित्रे काढली होती. हा बदल राजाश्रयामुळे झाला, असे म्हणता येईल का?

उत्तर १

मला तसे वाटत नाही. विल्की हे स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील कल्ट्स गावच्या धर्मोपदेशकाचे पुत्र. १८०४ मध्ये त्यांनी पिटलेसीची जत्रा रंगवली आणि १८०६ मध्ये ‘द व्हिलेज पॉलिटिशियन्स’ने लंडनमध्ये नाव मिळवले. पुढे राजा चौथा जॉर्ज झालेल्या युवराजाने त्यांच्याकडून घेतलेली ‘ब्लाइंड मॅन्स बफ’ आणि ‘द पेनी वेडिंग’ ही चित्रेही लोकजीवनाचीच होती. खरा बदल १८२५ नंतरचा आहे. घरातील मृत्यूंच्या आघाताने प्रकृती ढासळल्यामुळे ते तीन वर्षे युरोपात राहिले, आणि स्पेनमध्ये सतराव्या शतकातील चित्रकार व्हेलास्केझ व मुरिल्यो यांची चित्रे पाहिल्यावर त्यांचा कुंचला मोकळा व रंग गडद झाला. राजाचे प्रमुख चित्रकार हे पद त्यांना आधीचे पदाधिकारी, चित्रकार टॉमस लॉरेन्स यांच्या निधनानंतर, १८३० मध्ये मिळाले.

उत्तर २

कालक्रम बरोबर आहे, परंतु स्कॉटलंडमधील राजचित्रकाराचे पद त्यांच्याकडे १८२३ पासूनच होते, आणि चौथ्या जॉर्जच्या एडिंबरा भेटीवरील चित्र पूर्ण व्हायला १८३० उजाडले. त्याच्या शेजारी ‘चेल्सी पेन्शनर्स’ ठेवून पाहावे. वेलिंग्टनच्या ड्यूकने १,२०० गिनी देऊन घेतलेल्या या चित्रात वॉटर्लूच्या विजयाची बातमी रस्त्यावर वाचली जात आहे आणि वृद्ध शिपाई, स्त्रिया, मुले असा प्रत्येक जण ती आपापल्या परीने ऐकत आहे. १८२२ च्या प्रदर्शनात गर्दी आवरण्यासाठी या चित्रापुढे कठडा लावावा लागला होता. एवढी माणसे जिवंत करणाऱ्या चित्रकाराला राणी व्हिक्टोरियाच्या राजसल्लागार मंडळाच्या (प्रिव्ही कौन्सिल) पहिल्या बैठकीच्या चित्रात, तिचा प्रत्यक्षातील काळा शोकवेश बाजूला ठेवून, तिला पांढरा पोशाख द्यावासा वाटला. त्यामुळे दरबाराने त्यांच्याकडून काहीतरी हिरावून घेतले, असे माझे मत आहे.

उत्तर ३

टिपूच्या चित्रात मात्र जुने विल्की मला दिसतात. मशालीच्या उजेडात उभ्या असलेल्या, १७९९ च्या हल्ल्याचे नेतृत्व करणाऱ्या ब्रिटिश जनरल बेअर्ड यांच्या पायाखाली एक लोखंडी जाळी आहे. बेअर्ड यांनी पूर्वी श्रीरंगपट्टणच्या तुरुंगात सुमारे साडेतीन वर्षे काढली होती, आणि ती जाळी त्या बंदिवासाची खूण आहे. एका लहानशा वस्तूतून माणसाची पूर्वकथा सांगण्याची ही रीत त्यांच्या ग्रामीण चित्रांतलीच आहे.

पूर्वेकडील प्रवासात तुर्कस्तानच्या सुलतानाचे व्यक्तिचित्र करून परतताना, १ जून १८४१ रोजी, ते जिब्राल्टरजवळ जहाजावर वारले आणि त्यांचा देह समुद्रातच सोडण्यात आला. इंग्लिश चित्रकार टर्नर यांनी पुढच्याच वर्षी तो दफनविधी रंगवला. त्यातील जहाजाची शिडे त्यांनी काळीभोर केली आहेत.