शब्दचर्चा: ‘कन्फेशनल’ कवितेला मराठीत काय म्हणायचं?

धागा सुरू करते आहे, कोल्हापूरहून

विसाव्या शतकातल्या अमेरिकन कवितेचा पेपर मी गेली काही वर्षं एम.ए.ला शिकवते. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं मराठी माध्यमातून आलेली. कविता इंग्रजीतून वाचतात, पण टिपणं काढतात आणि आपसांत वाद घालतात ते मराठीत. त्यामुळे चळवळींची नावं रोज मराठी होत असतात, आम्ही ठरवू किंवा न ठरवू.

मागच्या आठवड्यात रॉबर्ट लॉवेल शिकवून झाल्यावर एका मुलीने विचारलं, “मॅडम, लॉवेलने गुन्हा काय केला होता?” तिच्या वहीत मी डोकावले. तिथे लिहिलं होतं, ‘कबुलीजबाबाची कविता’. चूक तिची नव्हती. हा शब्द मीच फळ्यावर लिहिला होता.

कन्फेशनल कविता म्हणजे कवीने स्वतःच्या आयुष्यातलं, एरवी लपवलं जाणारं खासगी काही उघड मांडलेली कविता. मुळात हे नाव कवींनी घेतलेलं नाही. लॉवेलचा ‘लाइफ स्टडीज’ हा संग्रह १९५९मध्ये आला, त्याच वर्षी टीकाकार एम. एल. रोझेन्थाल यांनी ‘द नेशन’ या अमेरिकन नियतकालिकात त्याचं परीक्षण लिहिलं आणि त्याला ‘पोएट्री अ‍ॅज कन्फेशन’ असा मथळा दिला. तिथून शिक्का बसला. डब्ल्यू. डी. स्नॉडग्रास, सिल्व्हिया प्लाथ, अ‍ॅन सेक्स्टन, जॉन बेरीमन सगळे त्याखाली आले. बेरीमनला एका मुलाखतीत या नावाबद्दल विचारलं तेव्हा त्याने संताप आणि तिरस्कार एवढंच उत्तर दिलं आणि पुढचा प्रश्न मागितला.

तर मराठीत काय म्हणावं? कबुलीजबाब, कबुली, आत्मनिवेदन, आत्मपर, की सरळ कन्फेशनल?

साताऱ्याहून

ताई, मी एकतीस वर्षं न्यायालयात नोकरी केली, म्हणून पहिल्या शब्दाबद्दल हक्काने सांगतो. कबुलीजबाब हा आमचा शब्द. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली दंडाधिकाऱ्यांसमोर तो नोंदवला जायचा, आणि नोंदवण्याआधी आरोपीला स्पष्ट सांगावं लागायचं की तू हे सांगायला बांधील नाहीस, सांगितलंस तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. हे सांगितल्यावर माणूस जो थांबतो, ते थांबणं मी अनेकदा पाहिलं आहे. कवितेत तसं थांबणं असेल तर शब्द ठेवा. पण त्यातला ‘जबाब’ काढा. जबाब म्हणजे कुणीतरी विचारलेल्याचं उत्तर. कवीला कुणी विचारलं होतं?

मडगावहून

कोर्टाआधी हा शब्द देवळातला, म्हणजे इगर्जीतला, चर्चमधला आहे. आमच्या वाड्यावर निम्मी घरं ख्रिस्ती. कन्फेशनला कोकणीत ‘कुमसार’ म्हणतात, पोर्तुगीजमधून आलेला शब्द. लाकडी जाळीच्या एका बाजूला पाद्री, दुसऱ्या बाजूला गुडघे टेकलेला माणूस. आमची शेजारीण कुमसार करून आली की चेहऱ्यावरून कळायचं, कारण तिथे शेवटी क्षमा मिळते. सांगणं अर्धंच, उरलेलं अर्धं म्हणजे ती क्षमा.

लॉवेल १९४०च्या दशकात कॅथलिक झाला होता आणि पुढे त्यातून बाहेर पडला, असं वाचलं आहे. तसं असेल तर ‘कन्फेशन’ म्हटल्यावर त्याच्या कानात ही जाळी वाजत असणार. मराठी ‘कबुली’त ती नाही.

पुण्याहून

आपल्याकडे शब्द तयार आहे. आत्मनिवेदन. नवविधा भक्तीतली नववी. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकात तिच्यासाठी अख्खा समास दिला आहे. परका शब्द कशाला आणायचा?

कोल्हापूरहून

तिघांचेही आभार. आत्मनिवेदनाला मी नाही म्हणते, आणि का ते नीट सांगते. समर्थांच्या त्या समासात ‘मी कोण’ हे शोधायला सांगितलं आहे, आणि शोध पुरा होतो तेव्हा वेगळा ‘मी’ राहत नाही. आता लॉवेलची ‘स्कंक अवर’ घ्या. कवी रात्री गाडी घेऊन टेकडीवर जातो, अंधारात उभ्या असलेल्या जोडप्यांच्या गाड्या न्याहाळतो आणि म्हणतो की माझं डोकं ठिकाणावर नाही. शेवटी स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या लहान रानटी जनावराची एक मादी पिल्लांची रांग घेऊन कचऱ्याच्या डब्यात तोंड खुपसते, आंबवलेल्या सायीच्या कपात डोकं घालते आणि घाबरून पळायला तयार होत नाही. कविता तिथे संपते. इथे ‘मी’ विरघळत नाही, उलट उघड्यावर एकटा उभा राहतो. ऐकायला देव नाही, पाद्री नाही. मडगावकरांनी म्हटलेली क्षमाही येत नाही, कचऱ्यात अन्न शोधणारं एक जनावर येतं. या कवितेला आत्मनिवेदन म्हटलं तर मुलं भक्ती शोधत बसतील.

‘आत्मपर’ फार सैल आहे. त्यात बालकवीही बसतात.

नागपूरहून

‘गुज’ चालेल का? मूळ गुह्य. हितगुज, मनीचं गुज. जे चारचौघांत बोलायचं नसतं ते.

कोल्हापूरहून

हा शब्द वाचून मी उठून परीक्षण पुन्हा काढलं. रोझेन्थालनी तिथे जे म्हटलं त्याचा आशय असा: हा संग्रह म्हणजे विश्वासाने सांगितलेल्या खासगी गोष्टींची मालिका वाटते, काहीशा लाजिरवाण्या, आणि ऐकणाऱ्याने त्या बाहेर फोडू नयेत असं वाटायला लावणाऱ्या. म्हणजे त्यांच्या मनात न्यायालयापेक्षा तुम्ही म्हणता तो गुजाचा अर्थ जास्त होता. ऐकणाऱ्याला संकोच वाटणं हा त्या परीक्षणाचा गाभा आहे, आणि मराठीत तो संकोच गुज या शब्दाने बरोबर पकडला जातो.

अडचण एकच. गुज गोड आहे. आपल्या कानाला त्यात जवळीक लागते. स्नॉडग्रासच्या ‘हार्ट्‌स नीडल’मध्ये घटस्फोटानंतर दुरावलेल्या लेकीसाठी लिहिलेल्या कविता आहेत, तिथे गुज शोभतं. प्लाथच्या ‘एरियल’मधल्या बापावरच्या कवितेला ते कसं लावणार? ती कानात सांगत नाही, ओरडते.

मी आता ‘कबुलीची कविता’ म्हणणार आहे, जबाब गाळून. कारण कबुली मराठीत घरातही चालते. प्रेमाची कबुली देतात, चुकीची देतात, ‘कबूल आहे बाबा’ असं भांडणात म्हणतात. अरबी ‘कबूल’ म्हणजे स्वीकार. लपवलेलं काहीतरी स्वतःहून मान्य करणं एवढाच अर्थ उरतो, गुन्हा सक्तीचा राहत नाही. साताऱ्याच्या काकांनी सांगितलेलं ते थांबणंही त्यात राहतं. आणि हे नाव टीकाकाराने दिलेलं आहे, कवींना ते बोचत होतं, हे वाक्य मी प्रत्येक वेळी सोबत सांगणार.

छत्रपती संभाजीनगरहून

मॅडम, मी विद्यार्थी आहे. माझी अडचण ‘ऑब्जेक्टिव्हिस्ट’, म्हणजे १९३०च्या दशकातल्या अमेरिकन कवींच्या एका गटाचं नाव. मी ‘वस्तुनिष्ठ कवी’ लिहिलं, तर मित्र म्हणाला, म्हणजे चार पर्यायांतून एक निवडायचं का? स्पर्धा परीक्षेमुळे आमच्या डोक्यात वस्तुनिष्ठ म्हणजे तेच.

कोल्हापूरहून

तुझ्या मित्राने नेमकं बोट ठेवलं आहे, बाळा. तो परीक्षेचा अर्थ बाजूला ठेवला तरी वस्तुनिष्ठ म्हणजे आपल्याला ‘निःपक्षपाती’ वाटतं, भावना बाजूला ठेवून पाहणारा. या कवींना ते म्हणायचंच नव्हतं.

झालं असं की शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकाचा फेब्रुवारी १९३१चा अंक कवी लुई झुकॉफ्स्कीने संपादित केला. मासिकाच्या संस्थापक हॅरिएट मन्रो यांचा आग्रह होता की या मंडळींना काहीतरी नाव हवं. म्हणून झुकॉफ्स्कीने हा शब्द दिला, आणि तोही अवतरणचिन्हांत घालून. त्यांच्यातल्याच जॉर्ज ऑपेनने पुढे उलगडून सांगितलं की कवितेलाच एक वस्तू बनवणं हा त्याचा अर्थ. पाहणारा तटस्थ असणं वेगळं आणि केलेली कविता टेबलासारखी आपल्या पायांवर उभी राहणं वेगळं. ऑपेनने मेक्सिकोतल्या परागंदा वर्षांत खरोखर सुतारकाम करून पोट भरलं. त्याच्या ओळी वाचताना मला सांधे दिसतात, खिळे दिसत नाहीत.

म्हणून मी ‘वस्तुरूप कविता’ सुचवते. वाकडंतिकडं वाटलं तरी ‘वस्तुनिष्ठ’ नको. त्या शब्दाने माणूस कवितेत भलतंच शोधायला लागतो.

मुंबईहून

ताई, बाकीच्या नावांचं भराभर सांगून टाका की. बीट? न्यूयॉर्क स्कूल?

कोल्हापूरहून

‘बीट’ या १९५०च्या दशकातल्या बंडखोर अमेरिकन लेखकांच्या नावाला हात लावू नये असं माझं मत. केरुअ‍ॅकच्या तोंडी तो शब्द आला तेव्हा रस्त्यावरच्या बोलीत त्याचा अर्थ थकलेला, मार खाल्लेला असा होता. जाझचा ठेका त्यात होताच. पुढे त्यानेच त्यात ‘बीॲटिफिक’ म्हणजे धन्यतेचा अर्थ घातला. खचलेला, ठेका आणि धन्य हे तिन्ही एका अक्षरजोडीत धरणारा मराठी शब्द मला सापडलेला नाही. बीट कवी गिन्सबर्ग १९६२मध्ये मुंबईतच उतरला होता, आणि तेव्हापासून आपण बीट असंच म्हणत आलो आहोत. राहू द्या.

‘स्कूल’ला मात्र शाळा नको. ‘घराणं’ ऐकायला छान, पण घराण्याला गुरू लागतो, तालीम लागते, वारसा लागतो. फ्रँक ओ’हारा, जॉन अ‍ॅशबेरी, केनेथ कोक, जेम्स स्कायलर हे कवी एकमेकांचे मित्र होते. न्यूयॉर्कच्या चित्रकारांच्या गटाच्या नावावरून त्यांना हे नाव चिकटलं. ओ’हारा म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये नोकरीला, जेवणाच्या सुट्टीत कविता लिहायचा. १९२३मध्ये पुण्यात चहाच्या निमित्ताने जमणाऱ्या कवींनी स्वतःला रविकिरण मंडळ म्हणवलं, ते आठवा. त्या धर्तीवर ‘न्यूयॉर्कची मंडळी’ मला आवडतं. मित्रपणा त्या शब्दातच आहे.

अमेरिकन कवी चार्ल्स ओल्सनने १९५०च्या निबंधात मांडलेल्या ‘प्रोजेक्टिव्ह व्हर्स’ला कुणी ‘प्रक्षेपी’ म्हणू नका, एवढी विनंती. आपल्याकडे प्रक्षेप म्हणजे दुसऱ्याने मागाहून घुसडलेलं; एकनाथांनी ज्ञानेश्वरीतून जे वेचून काढलं ते. ओल्सनला कवीच्या श्वासाने ओळ तोलायची होती. ‘श्वासाची कविता’ म्हणा.

आणि सत्तरच्या दशकाअखेरच्या, भाषेलाच कवितेचा विषय करणाऱ्या ‘लँग्वेज’ कवींना ‘भाषावादी’ म्हटलं तर महाराष्ट्रात सगळ्यांना सीमाप्रश्न आठवेल. तिथे मी अजून ‘लँग्वेज कवी’च लिहिते.

न्यू जर्सीहून

नमस्कार. मी पॅटरसनपासून वीस मिनिटांवर राहतो. पाहुणे आले की त्यांना पसैक नदीचा धबधबा दाखवायला नेतो. विल्यम कार्लोस विल्यम्सने या गावावर दीर्घ कविता लिहिली, त्यातलं सूत्र प्रसिद्ध आहे: कल्पना सुट्या नकोत, फक्त ‘थिंग्ज’मधल्या. मी आईला ते मराठीत सांगायला गेलो आणि तोंडून निघालं, ‘कल्पना गोष्टींमध्येच असतात.’ आई म्हणाली, “बरोबर आहे, गोष्टींतच असतात, म्हणून तर आजी गोष्टी सांगायची.” मला उलटा अर्थ पोहोचला हे कळायला दोन मिनिटं लागली.

कोल्हापूरहून

दादा, तुमच्या आईंनी मराठीतली एक खरी अडचण दाखवली. ‘गोष्ट’ म्हणजे वस्तूही आणि कथाही. विल्यम्सला कथा नको होती. तिथे ‘वस्तू’च हवा.

त्याची लाल ढकलगाडीची १९२३ची कविता मी वर्गात मराठी करायला देते. सोळा शब्द, आठ ओळी. एका ओळीत तीन शब्द, पुढच्या ओळीत एक, असं चार वेळा. ‘व्हीलबॅरो’ हा जोडशब्द त्याने ओळीच्या कडेवर मोडून ‘व्हील’ वर आणि ‘बॅरो’ खाली ठेवला, म्हणजे आधी चाक दिसतं, मग गाडी. मुलं बहुतेक ‘हातगाडी’ लिहितात. ‘हात’ वर, ‘गाडी’ खाली, मोड नेमकी जमते. पण मी खोडायचे, कारण आपली हातगाडी चार चाकांची, भाजीवाल्याची. विल्यम्सची एका चाकाची, अंगणातली, पावसाने चकाकणारी, पांढऱ्या कोंबड्यांशेजारी उभी. मी ‘ढकल’ वर आणि ‘गाडी’ खाली असं करायला लावायचे.

न्यू जर्सीहून

ताई, एक सांगू? ती गाडी रदरफर्डमधल्या मार्शल नावाच्या वृद्ध कृष्णवर्णीय माणसाच्या अंगणातली. विल्यम्स तिथला डॉक्टर होता, त्यानेच हे नाव सांगून ठेवलं होतं. अलीकडे अभ्यासकांनी त्या माणसाचा शोध लावला. तो फेरीवाला होता.

कोल्हापूरहून

हे मला माहीत नव्हतं. उद्या वर्गात पहिल्यांदा हेच सांगेन, आणि ज्या मुलांची ‘हातगाडी’ खोडली होती त्यांना ती परत लिहायला सांगेन.