ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) काढून 'डायरेक्ट' करू का? (कुर्ला, तळमजला)

मंडळी, जरा घाईत विचारतोय. मिठी नदीच्या बाजूला चाळीत तळमजल्यावर आमची खोली. परवा रात्री घरात गुडघाभर पाणी होतं. (२००५ च्या २६ जुलैला पोटमाळ्यावर रात्र काढली होती, त्यापुढे हे काहीच नाही, असं आई म्हणते. तिचा एकच धोशा: फ्रीज लावून बघ.) पाणी शिरायच्या आधी मेन पाडला होता, तेवढं बरं.

आज मीटर तपासून लाइन जोडून दिली. आमचा डीबी (मेन आणि ईएलसीबीची पेटी) दरवाजाच्या वर, कोरडा ठणठणीत. खालचे दोन प्लग, फ्रीजचा आणि वॉशिंग मशीनचा, मात्र बुडाले होते. पुसून घेतले. आता मेन चढवला तर राहतो, पण पंखा लावला की ईएलसीबी पडतो. पंखा वरच्या बोर्डावर, तिथे पाणी पोचलंच नाही! खालची बटणं बंद, प्लगमध्ये काही खोचलेलंही नाही.

गल्लीतला इलेक्ट्रिशियन म्हणतो, ईएलसीबी गेलाय, काढून डायरेक्ट जोडतो. अर्ध्या चाळीत त्याने तेच केलंय आणि तिथे लाइट आहे. आम्हीच अंधारात. ओल्या भिंतीकडे बघून मला मात्र धीर होत नाही. काय करू?

प्रतिसाद १ (वायरमन आहे, लालबाग):
अजिबात नको. बटण फक्त फेज (करंट आणणारी तार) तोडतं, न्यूट्रल (परतीची तार) प्लगपर्यंत तसाच जातो. प्लगच्या पेटीतल्या चिखलातून तो अर्थिंगला लागला असणार. पंखा चालू झाला की परतीचा थोडा करंट अर्थिंगकडे वळतो, आणि ३० मिलीअँपिअरवाला ईएलसीबी जाणाऱ्या-येणाऱ्या करंटमधला तेवढा फरकही धरतो. तो गेलेला नाही, तोच जागा आहे. काढलात तर उद्या फ्रीजच्या दाराला हात लावाल तेव्हा कोण पाडणार?
लायसन्सवाला वायरमन बोलवा. मेन पाडून खालच्या दोन्ही प्लगची लाइन वरच्या बोर्डातून सोडवायला सांगा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही. मग वरचे दिवे-पंखे बहुतेक चालतील. खालची लाइन मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र), ५०० व्होल्टवर, तपासल्याशिवाय जोडू नका. एक मेगओहमच्या खाली आली तर वायर बदला. भिंतीतल्या पाइपात पाणी साठून राहतं, ते फडक्याने पुसलं जात नाही. बुडालेले प्लग-बटणं सरळ फेका. फ्रीज मेकॅनिकने उघडून बघेपर्यंत बंदच.

धागाकर्ता:
मेन पाडलाय. 'दोन्ही तारा सोडव' म्हटल्यावर गल्लीतला रुसून गेला. कुर्ल्यात मेगर असलेला कुणी माहीत आहे का?