मदत हवी आहे : गुठळी काढल्यानंतर बाबांचा गोंधळ आणि फिट

खानापूरहून लिहितोय. बाबांना पक्षाघात झाला. बेळगावात जांघेतून नळी घालून मेंदूतली गुठळी काढली. उजवा हात लगेच हलला, आमच्या जिवात जीव आला. पण त्याच रात्री असंबद्ध बोलणं सुरू झालं, आईला ओळखेनात, पहाटे फिट आली. सीटीत पांढरं दिसलं म्हणून आधी रक्तस्रावाची शंका होती. एमआरआयनंतर डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून सोडतात त्या आयोडीनच्या औषधाचा हा मेंदूवरचा परिणाम असावा. क्वचित होतो, बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो. बाबांना जुना मधुमेह आहे, क्रिएटिनिनही (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं, त्यामुळे जास्त धास्ती वाटते.

कुणाच्या घरी असं झालंय का? माणसं ओळखायला, नीट बोलायला किती वेळ लागला? पुढे पुन्हा अँजिओग्राफी (असंच औषध सोडून रक्तवाहिन्यांची तपासणी) लागली तर काय काळजी घेतली? रक्त पातळ करायची गोळी कधी सुरू केली? (डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण अनुभव ऐकायचाय.)

आणखी एक, बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूरकडे मराठीतून सराव घेणारे स्पीच थेरपिस्ट माहीत असतील तर कृपया कळवा. बाबांना कन्नड जेमतेमच येतं.