मदत हवी आहे: शाफ्टवाल्या बाइकच्या मागच्या चाकावर तेल

मंडळी, माझी जुनी शाफ्ट ड्राइव्हची (चेनऐवजी दांड्याने मागचं चाक फिरवणारी) बाइक आहे. ताम्हिणी घाटातून आलो तर मागच्या रिमवर आतून तेलाचे ओघळ. डिस्क कोरडी, तेवढं नशीब. बोटाला लावून हुंगलं: गंधकासारखा उग्र वास. म्हणजे इंजिन ऑइल नव्हे, फायनल ड्राइव्हचं (मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीचं) ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइलच. मागच्या सर्व्हिसला मेकॅनिकने 'असू दे थोडं जास्त' म्हणत भरलं होतं. लेव्हल उतरवली, ब्रीदर (पेटीतली हवा बाहेर जाण्याचं छिद्र) साफ केला, तरी २०० किलोमीटरनंतर पुन्हा ओल. चाक वर-खाली धरून हलवलं की किंचित प्ले (ढिलेपणा) जाणवतो. ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळं वंगण आहे, धातूच्या कपच्या नाहीत. नुसतं मोठं ऑइल सील बदलून भागेल, की बेअरिंगही काढावं लागेल? आणि शिम (फट जुळवणाऱ्या पातळ चकत्या) मोजून नीट बसवणारा पुण्यात कुणी माहितीये का?