सिंहस्थावर जोक मारला म्हणून पोलिसांत अर्ज, खरंच केस होते का?

गंगापूररोडकर:
नमस्कार मंडळी, जरा गडबडीत लिहितोय. माझा भाचा, वय २१, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. कॉलेज रोडला एका कॅफेत शनिवारी ओपन माइक असतो तिथे पाच-सात मिनिटं बोलतो. मागच्या महिन्यात त्याने सिंहस्थाच्या कामांवर केलं, की २०२७ ला साधू येतील तेव्हा येतील, आमच्या गल्लीतले खड्डे दर पावसाळ्यात शाही स्नान उरकून घेतात, पर्वणीची वाटच बघत नाहीत. इथपर्यंत सगळे हसले. पुढे मात्र नागा साधूंच्या कपड्यांवर एक लाइन टाकली जी खरं सांगायचं तर भिकार होती, मलाच आवडली नाही. कुणीतरी तेवढेच चाळीस सेकंद कापून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडले, फिरत फिरत आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर आले आणि एका गृहस्थांनी धार्मिक भावना दुखावल्या म्हणून लेखी अर्ज देऊन टाकला. काल फोन आला, "येऊन जा". ताई रडतेय, भावजी म्हणतात माफीचा व्हिडिओ टाक आणि मोकळा हो.

केस होऊ शकते का हा पहिला प्रश्न. आणि दुसरा, जोक खरंच घाण असेल तर कायद्याने मध्ये पडावं का? माझं स्वतःचं रोज बदलतंय.

काळाकोट:
आधी कामाचं. भाच्याला एकट्याला पाठवू नका. पूर्ण सात मिनिटांचा व्हिडिओ जवळ ठेवा, डिलीट अजिबात करू नका. तोंडी "येऊन जा" ऐवजी बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम ३५(३) ची लेखी नोटीस मागा, आणि माफीचा व्हिडिओ वकिलाशी बोलल्याशिवाय टाकू नका, उद्या तोच कबुलीजबाब म्हणून समोर ठेवतील.

लावलंच तर बीएनएस (भारतीय न्याय संहिता) २९९ लावतील, म्हणजे जुन्या आयपीसीचं २९५अ. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र आणि अजामीनपात्र, त्यामुळे घाबरवायला एकदम सोयीचं. पण कलमात "जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने" असं आहे. १९५७ च्या रामजीलाल मोदी केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे कलम वैध ठरवलं तेव्हाच सांगितलं होतं की नकळत किंवा बेफिकिरीने झालेला अपमान यात बसत नाही. भिकार जोक हा बेफिकिरीतच मोडतो हो.

दुसरं, ज्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा आहे तिथे एफआयआरच्या आधी डीवायएसपीच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, बीएनएसएस १७३(३). खासदार इम्रान प्रतापगढींच्या कवितेवरचा गुन्हा सुप्रीम कोर्टाने २८ मार्च २०२५ ला रद्द केला तेव्हा हेच म्हटलं, की बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणात अशी चौकशी आधी करणंच योग्य. आणि शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर माणसाच्या मापाने, ज्याला प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो त्याच्या मापाने नाही. हे वाक्य मुळात नागपूरच्या हायकोर्टातलं, न्या. व्हिव्हियन बोस यांचं, स्वातंत्र्याच्या आधीचं. हे सगळं पोलिस ठाण्यातल्या साहेबांना प्रिंट काढून नम्रपणे दाखवा, वाद घालू नका.

जयश्रीराम_नाशिक:
हिंमत असेल तर दुसऱ्या धर्मावर जोक करून दाखव म्हणावं. आमच्याच देवाधर्मावर सगळ्यांना कॉमेडी सुचते.

काळाकोट:
दुसऱ्या धर्मावर केलं तरी हेच कलम लागतं दादा. २०१५ मध्ये एका उर्दू दैनिकाच्या मुंबई आवृत्तीच्या संपादक शिरीन दळवी यांना याच २९५अ खाली अटक झाली, शार्ली एब्दो या फ्रेंच व्यंगसाप्ताहिकाचं मुखपृष्ठ छापलं म्हणून, वेगवेगळ्या ठिकाणी गुन्हे दाखल. तिकडे स्टँडअप कॉमेडियन मुनव्वर फारुकी २०२१ मध्ये इंदूरला महिनाभराहून जास्त आत होता. कलमाला धर्म नसतो, तक्रार करणाऱ्याला असतो.

पंचवटीचे आजोबा:
अहो आम्ही लहानपणी शिमग्याला अख्ख्या आळीच्या नावाने बोंब मारायचो, मामलेदार सुटायचा नाही, कुणी अर्ज नाही दिला कधी. तमाशातली बतावणी ऐकलीय का आजकालच्या पोरांनी, पाटलापासून देवापर्यंत सगळ्यांची टोपी उडायची आणि पाटीलच पुढं बसून हसायचा. आणि हे नाशिक आहे हो. १९०९ साली बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची जन्मठेप दिली ती कशासाठी, कवितांची पुस्तिका छापली म्हणून! त्याच वर्षी डिसेंबरात विजयानंद थिएटरात नाटक बघायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेने गोळ्या घातल्या. शब्द दाबून साहेबाने काय मिळवलं? सरकारने जोक अन् कविता तपासत बसू नये एवढंच माझं म्हणणं.

सिडकोतला मास्तर:
आजोबा नमस्कार करून सांगतो, तुमचं उदाहरण उलटं जातंय. त्या कविता उघड उघड शस्त्र उचला म्हणून सांगत होत्या. आज आपण सगळे म्हणतो ना की दुखावणं चालेल पण हिंसेची चिथावणी नको, त्या कसोटीवरसुद्धा त्या अडकल्या असत्या. आपल्याला त्या प्रिय आहेत कारण बाजू आपली होती. म्हणजे "चिथावणी" हा शब्दही वाटतो तितका सोपा नाही.

राज्यघटनेत १९(२) मध्ये बंधनांची यादी आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. त्यात "कुणाला वाईट वाटलं" हे कुठेच नाही. आयटी कायद्याचं ६६अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, त्रासदायक, गैरसोयीचं असल्या मोघम शब्दांमुळे. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये बंदवरच्या फेसबुक पोस्टवरून उचललं होतं ना, त्यातल्या एकीने पोस्ट फक्त लाइक केली होती.

सातपूरची:
सगळे पुरुष मंडळी फारच मोकळ्या मनाची दिसताय म्हणून लिहिते. मी कॉलेजात असताना गॅदरिंगला एकाने माझं आडनाव घेऊन आरक्षणाच्या कोट्यावर जोक मारला होता, हॉल हसला, सरसुद्धा हसले. मी पण हसले, काय करणार. घरी येऊन आईला सांगितलं नाही. तेव्हा कुणी कायदा कुठे आहे असं विचारलं नाही. अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यात ३(१)(आर) आहे, लोकांसमोर मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं. मला तो हवाय. आजोबा, तुमच्या बतावणीत पाटील पुढे बसून हसायचा, बरोबर, पण मागे कोण बसायचं आणि त्यांच्यावर जोक व्हायचा तेव्हा त्यांना उठून जाता यायचं का?

आता गंगापूररोडकर, तुमच्या भाच्याचा जोक यातला नाही. आखाड्यांच्या मागे आख्खं सरकार उभं आहे, त्यांना एका कॅफेतल्या पोराने काय होतंय? त्याला पोलिसांनी बोलवू नये. पण म्हणून "जोक आहे, सोडा" हे सगळ्याच जोकना लावू नका. माझं म्हणणं एका कायद्यात बसत नाही माहितीये, नसू दे.

पंचवटीचे आजोबा:
बाई, मागे कोण बसायचं हे मी कधी वळून बघितलंच नव्हतं. लिहित राहा.

मिसळ_विदाउट_पाव:
माझं साधं मत, जोक फालतू असेल तर हसू नका, पुढच्या वेळी तिकीट काढू नका. पण चाळीस सेकंद कापून फिरवणाऱ्यावर काही कलम आहे का हो? भावना त्यानेच जास्त लोकांच्या दुखावल्या. कॅफेत तर तीस डोकी पण नसतील.

गंगापूररोडकर:
अपडेट. काळाकोट साहेबांनी ओळखीचे वकील दिले, तिघं जाऊन आलो. अधिकाऱ्यांनी पूर्ण व्हिडिओ बघितला, खड्ड्यांच्या जोकला हसले (मी पाहिलं), नागा साधूंच्या ठिकाणी तोंड वाकडं केलं. जबाब घेतला, म्हणाले चौकशीवर ठेवतो, लगेच काही नाही. दीड तासात बाहेर. भाचा येताना एक शब्द बोलला नाही, एरवी गाडीत तोंड बंद नसतं त्याचं.

सातपूरच्या ताईंचं त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला ती लाइन मी तशीही काढणारच होतो, नुसती स्वस्तातली होती. आता काढली तर लोक म्हणणार पोलिसांना घाबरून काढली.

अर्ज देणारे गृहस्थ सकाळी लिफ्टमध्ये भेटले, पोरगा कसाय म्हणून विचारलं, वर परीक्षेला शुभेच्छा. काय बोलणार?

कॅफेवाल्याने ओपन माइक बंद केलंय. येत्या शनिवारपासून गझल नाइट.