मैदानाविषयी मत मागवले, पण सूचना पोहोचलीच नाही. आता काय करता येईल?

प्रश्न: सीमाभागातील रहिवासी
मी बेळगाव जिल्ह्यातील एका लहान शहरात राहतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा अनुभव एकट्या आमच्या गावाचा नसावा. बाग, क्रीडांगण आणि खुली व्यायामशाळा यांविषयी नागरिकांची मते मागवली होती, हे आम्हाला मुदत उलटून गेल्यावर समजले. सूचना फक्त कन्नडमध्ये होती आणि ती कार्यालयातील फलकावर व मोबाईलवर फिरणाऱ्या एका दुव्यावरच होती. बागेत रोज येणारे बहुतेक ज्येष्ठ मराठी शाळेत शिकलेले असून त्यांना तो दुवा उघडताही येत नाही. आता मैदानाच्या कडेने फरशीचा चालण्याचा पट्टा होणार आहे आणि त्यात मुलांची खो-खोची जागा जाईल. पुन्हा मते घ्यावीत म्हणून अर्ज कसा करावा? मराठी सूचनेची मागणी त्यातच करावी, की तिच्यामुळे मैदानाचा विषय बाजूला पडेल?

उत्तर: निवृत्त लिपिक, शहापूर
२००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम वाचावे. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यांमागील सर्व संबंधित तथ्ये प्रसिद्ध करण्याची जबाबदारी त्यात प्रशासनावरच टाकलेली आहे. ही माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत विचारात घ्यावी, असेही तेथे म्हटले आहे. सूचना फलक, वृत्तपत्रे व जाहीर घोषणा या मार्गांचा उल्लेख कायद्यातच आहे. म्हणून मतनोंदणीची सूचना कोठे लावली, किती मते आली आणि पट्ट्याचा आराखडा कोणी मंजूर केला, हे आधी विचारावे. हा अर्ज मात्र कन्नड किंवा इंग्रजीत द्यावा. मराठी अर्जाचा हट्ट धरलात, तर तो भाषेच्या कारणावरून परत येईल आणि तुमचा वेळ फुकट जाईल. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. फेरमतांची विनंती वेगळ्या निवेदनात करून तिच्यावर पोच घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

उत्तर: टिळकवाडीकर
भाषेचा मुद्दा खरा आहे, तरीही तो पहिला ठेवू नये असे माझे मत आहे. आपल्याकडे तो निघाला की पुढारी जमतात, छायाचित्रे निघतात आणि बागेतील गळका नळ तसाच राहतो. अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण १५ ते २० टक्के असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत काढाव्यात, असे केंद्राच्या १९५६ च्या निवेदनात सुचवले आहे. तुमच्या निवेदनात त्याचा आधार जरूर द्यावा, पण ती सूचना आहे, सक्तीचा कायदा नव्हे. शिवाय आमच्या घरातील मुले कन्नड उत्तम वाचतात. त्यांनाही ही मतनोंदणी कळली नव्हती, यावरून दोष केवळ भाषेचा नाही हे उघड आहे. माहिती निर्णयानंतर पोहोचते, हे खरे दुखणे आहे. कचरागाडीच्या भोंग्यावरून दोन दिवस आधी कन्नड आणि मराठीत घोषणा करण्यास कितीसा खर्च येतो? कर्नाटकात उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागांच्या जतनासाठी १९८५ चा स्वतंत्र कायदाही आहे. तुमचे मैदान त्याखालील यादीत आहे का, हे त्याच अर्जात विचारून घ्यावे.

उत्तर: खानापूर तालुक्यातील एक गृहिणी
एक गोष्ट राहून जाते आहे. अशा मतनोंदणीत काय बांधावे एवढेच विचारतात, ते केव्हा उघडे असावे हे कोणी विचारत नाही. सकाळी मुलांचे डबे आणि संध्याकाळी स्वयंपाक, यामुळे आम्हा बायकांना दुपारी साडेतीन ते पाच एवढाच वेळ मिळतो आणि नेमके तेव्हाच अनेक ठिकाणी बागेच्या फाटकाला कुलूप असते. व्यायामाची यंत्रे कितीही आणली तरी कुलपाआड त्यांचा आम्हाला उपयोग नाही. पट्टा आणि खो-खो यांचा वाद मैदानावर प्रत्यक्ष उभे राहून, फुली मारून दाखवला तर लवकर सुटेल असे वाटते; कागदावरच्या आराखड्यात दहा फूट म्हणजे किती हे आमच्यापैकी कोणालाच नीट कळत नाही. निवेदनावर बायकांच्या सह्या घेणार असाल, तर त्या दुपारीच घ्याव्यात.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. माहितीचा अर्ज कन्नडमध्ये शेजारच्या शिक्षकांकडून लिहून घेतो. निवेदनात फेरमते आणि प्रत्यक्ष जागेवरील आखणी या मागण्या आधी, बागेची वेळ त्यानंतर आणि दोन्ही भाषांतील घोषणा शेवटी ठेवतो. मसुदा तयार झाल्यावर येथेच टाकेन. काही खटकले तर कळवावे.