सीईटीला 78 पर्सेंटाइल: बहिणीने रिपीट करावं की मिळेल ती सीट घ्यावी? (बजेट 60 हजार)

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचा एमएचटी-सीईटी 2025 चा निकाल आला. पीसीएम ग्रुप, एकूण 78 पर्सेंटाइल. फिजिक्स 79, केमिस्ट्री 83, मॅथ्स 68. बारावीला 71 टक्के. ओबीसी, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या बरंच खाली, कोरडवाहू कपाशी आणि थोडा मका. गाव अमळनेर तालुक्यात. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच करायचं आहे. रिपीट करायचं तर कुठे आणि कसं? नाही करायचं तर यावर काय घ्यावं? क्लास, पुस्तकं, जाणं-येणं मिळून वर्षाचे 60 हजार जमतील, वर नाही. निकालापासून ती नीट जेवत नाही, हेही सांगून ठेवतो.

केळीबाग_रावेर
पुण्याला टाका भाऊ. रिपीटर बॅच, होस्टेल, मेस, अभ्यासिका सगळं एका ठिकाणी. गावात राहून अभ्यास होत नाही. पाहुणे, लग्नं, शेतातली कामं. दीड-दोन लाख जातील, पण मुलीचं आयुष्य उभं राहील.

शहादेकर
पुण्यापेक्षा लातूर. शिस्त लातूरलाच.

गणित_धुळे
लातूरचं नाव मुख्यतः मेडिकलच्या नीट परीक्षेमुळे आहे. इथे प्रश्न सीईटीचा, तोही गणिताचा. बोरीकाठ, क्लास शोधण्याआधी एक काम करा. सीईटी सेलच्या लॉगिनमध्ये उत्तरतालिकेसोबत तिची रिस्पॉन्स शीट होती: प्रत्येक प्रश्न, तिने निवडलेला पर्याय आणि बरोबर पर्याय. ती डाउनलोड केली असेल तर काढा. ती न बघता रिपीटचा निर्णय घेणं म्हणजे रक्त न तपासता औषध सुरू करणं.

गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, म्हणजे 200 पैकी 100 एकट्या गणिताचे. वेळ 90 मिनिटं, एका प्रश्नाला 108 सेकंद. फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न, तेही 90 मिनिटांत, म्हणजे एकाला 54 सेकंद. पहिली 90 मिनिटं संपली की तो भाग बंद होतो आणि गणित उघडतं, मागे जाता येत नाही. तिचे गुण कुठे सांडले ते शीटवर दिसेल.

तापी_पूर
तीन विषयांची सरासरी काढली तर 76.67 येते आणि तिला 78 दिलेत. म्हणजे निकालातच घोळ आहे. आधी तक्रार करा.

गणित_धुळे
घोळ नाही. एकूण पर्सेंटाइल हा विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसतो. तिन्ही विषयांच्या मूळ गुणांची बेरीज घेतात आणि त्याच सत्रातल्या किती टक्के मुलांची बेरीज तिच्याइतकी किंवा तिच्याहून कमी आहे ते काढतात. 78 पर्सेंटाइल म्हणजे 78 टक्के गुणही नव्हेत.

तापी_पूर
मग ज्यांना अवघड सत्र आलं त्यांचं काय? 27 एप्रिलच्या सत्रात गणिताचे 21 प्रश्न चुकले, 5 मेला फेरपरीक्षा घ्यावी लागली. अशा परीक्षेवर पोरीचं वर्ष लावायचं?

सेतूवाला
सत्र अवघड असेल तर त्या सत्रातल्या सगळ्यांचेच गुण कमी येतात, म्हणून तर तुलना सत्रातल्या सत्रात करतात. या वादाने तिचा नंबर लागणार नाही. मी कागदांचं सांगतो, कारण दरवर्षी पोरांचं घोडं तिथेच अडतं.

मुलगी ओबीसी आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट किंवा संस्था पातळीवरच्या जागेला ही माफी नाही. म्हणून कोणी 'थेट सीट देतो' म्हणाला तर आधी हिशोब करा, चार वर्षांची फी अंगावर पडेल. होस्टेल, मेस आणि इतर शुल्क माफीत येत नाही.

नॉन-क्रिमीलेअर 31 मार्चला संपतं. जुनं असेल तर आजच सेतूत नव्याचा अर्ज टाका. जात वैधता नसेल तर जात पडताळणी समितीची पावती जपून ठेवा, आणि पुढच्या वर्षी भरायचं ठरलं तरी वैधतेचं काम आत्ताच हाती घ्या. जून-जुलैत समितीकडे गर्दी उसळते. वडील किंवा काकांची वैधता असेल तर ती जोडा.

केळीबाग_रावेर
कागद होतील. आधी क्लासचं बघा. पुण्यात ऑगस्टपर्यंत बॅच भरतात. उशीर केला तर मागच्या बॅचमध्ये बसवतात.

बोरीकाठ
बजेट 60 हजार आहे दादा. फी माफीचं माहीत नव्हतं, सेतूवाला दादा, खूप आभार. रिस्पॉन्स शीट तिने काढून ठेवली होती, आत्ता सोबत बसून मोजली. फिजिक्स 22 बरोबर, केमिस्ट्री 25, मॅथ्स 17. म्हणजे 22 + 25 + 34 = 81 गुण. मॅथ्समध्ये 21 चूक आणि 12 रिकामे. 39 ते 50 सगळे सलग रिकामे.

गणित_धुळे
तिचा आजार या 12 सलग रिकाम्या प्रश्नांत आहे. ती पहिल्या प्रश्नापासून क्रमाने सोडवत गेली आणि वेळ संपला. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. ते 12 प्रश्न न वाचता कुठलाही एक पर्याय दाबला असता तरी सरासरीने 3 बरोबर निघाले असते, म्हणजे 6 गुण. आणि त्या 12 पैकी चार-पाच तरी सरळ सूत्राचे असणार, जे तिला येत होते.

आता 21 चुकांची वाटणी करा. वहीच्या एका पानावर चार रकाने पाडा: धडाच येत नव्हता, सूत्र आठवलं नाही, आकडेमोड चुकली, प्रश्न वाचण्यात चूक. प्रत्येक प्रश्नाचा नंबर त्याच्या रकान्यात आणि बाजूला धड्याचं नाव. शेवटचे दोन रकाने जड असतील तर पुन्हा परीक्षा देण्यात अर्थ आहे, कारण ते सरावाने भरून निघतं. पहिला रकाना 15 च्या वर असेल तर बारावीचं गणित मुळातून करावं लागेल, आणि त्याला एक वर्षही पुरतं असं नाही.

आई_जळगाव
मधेच बोलते. पर्सेंटाइलचं सगळं ठीक आहे, पण पोरगी जेवत नाहीये. निदान आठ दिवस तिला निकालाबद्दल कोणी विचारू नका, तिचा मोबाइल नंबर नातेवाइकांना देऊ नका. 'किती पडले' विचारणाऱ्यांना तुम्ही उत्तर द्या, तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका. तिची सीईटी 97 पडलेल्या चुलत भावाशी जेवणाच्या ताटावर तुलना झाली की घास खाली जात नाही. दोन आठवडे झोप नसेल, रडू थांबत नसेल किंवा 'मी नसते तर बरं' असं काही बोलली तर वाट बघू नका, टेली-मानसचा 14416 लावा. सरकारी आहे, मोफत आहे, 24 तास चालू असतो, मराठीत बोलतात. आणि तिले सांगजो, एका पेपरमुळे काही संपत नाही माय.

शहादेकर
बारावी श्रेणीसुधारला बसवा. 71 चे 85 करा, सीईटी आपोआप सुधारेल.

सेतूवाला
इंजिनिअरिंगच्या कॅप मेरिटमध्ये बारावीच्या गुणांना वजन नाही. बारावी फक्त पात्रतेला लागते: पीसीएममध्ये खुल्याला 45, राखीवला 40 टक्के. ती पात्र आहे. एनआयटीसाठी 75 टक्क्यांची अट लागते तिथे श्रेणीसुधारचा उपयोग. इथे तो अभ्यास वाया.

पॉली_नंदुरबार
एक वाट कोणी सांगितली नाही. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, सीईटी लागत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमाची दोन वर्षं, मग टक्क्यांवर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षात, तिथे तीन. एकूण पाच. रिपीट केलं तरी एक आणि चार, पाचच. फरक एवढाच की इथे एक वर्ष रिकामं जात नाही आणि सगळं एका दिवसाच्या पेपरवर अवलंबून नाही. थेट दुसऱ्या वर्षाला आल्यावर पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग आणि कार्यशाळा आपली आपण भरून काढावी लागते, सुरुवातीचे तीन महिने जड जातात.

भुसावळ_जंक्शन
बीएस्सी करून पण थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. अमळनेरलाच प्रताप कॉलेज आहे, घरून होईल.

पॉली_नंदुरबार
जाता येतं, पण त्या जागांवर आधी डिप्लोमावाले भरतात, उरलेल्या जागा बीएस्सीवाल्यांना. तीन अधिक तीन, सहा वर्षं. त्या आशेवर बीएस्सी घेऊ नका.

केळीबाग_रावेर
डिप्लोमा म्हणजे मागे जाणं झालं. रिपीटच. नाहीतर राजस्थानातलं कोटा.

गणित_धुळे
बजेट 60 हजार आहे, त्यांनी दोनदा लिहिलंय.

रिपीट करायचंच असेल तर पूर्ण वर्षाचा क्लास गरजेचा नाही. सुमारे 80 टक्के पेपर बारावीवर, 20 टक्के अकरावीवर. म्हणजे गणितात 10 प्रश्न अकरावीचे, आणि तेही ठरावीक धड्यांतून: सरळ रेषा, वर्तुळ, त्रिकोणमिती, प्रोबॅबिलिटी, परम्युटेशन, लिमिट वगैरे. रिपीटर मुलं अकरावी सोडून देतात आणि 20 गुण पाण्यात घालतात. बालभारतीचे बारावी गणिताचे दोन्ही भाग, अकरावीचे ठरलेले धडे आणि मागच्या वर्षांचे सत्रवार पेपर, एवढं साहित्य पुरतं.

पेपर सोडवायची पद्धत बदला. पहिल्या फेरीत 50 च्या 50 वाचा. 60 सेकंदांत वाट दिसली तरच सोडवा, नाहीतर मार्क करून पुढे. साधारण 50 मिनिटांत शेवट गाठायचा. दुसऱ्या फेरीला 30 मिनिटं. शेवटच्या 10 मिनिटांत एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही. सराव मोबाइलवर नको, कॉम्प्युटरवर करा. स्क्रीनवरून रफ कागदावर आकडे उतरवताना होणारी चूक मोबाइलवर कळतच नाही. डिसेंबरपासून आठवड्याला एक पूर्ण पेपर, फेब्रुवारीपासून दोन, आणि त्यातला एक दुपारी 2 ते 5. एप्रिलच्या शेवटी आपल्याकडे पारा 43-44 वर असतो, दुपारचं सत्र आलं तर डोकं चालायची सवय हवी. वीज जाते म्हणून पेपरचा पीडीएफ आणि उत्तरं आधी उतरवून ठेवा.

तापी_पूर
मग यंदाची कॅप सोडायची का?

सेतूवाला
अजिबात नाही. नोंदणी करा, कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑप्शन फॉर्म भरा. यंदा, 2025 ला, चार फेऱ्या आहेत. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला तर सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की होते, दुसऱ्यात पहिल्या तीनपैकी, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. ती सीट घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून खरंच जायचं नाही असं कॉलेज वरच्या सहात लिहू नका. टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागांचा, कोड वेगळा असतो, त्याची कट-ऑफ वर जाते. तिला मुलींची माफी मिळतेय, त्यामुळे त्या कोडवर अडून बसू नका. बारावी आपल्या विद्यापीठाच्या हद्दीत झाली आहे, तेव्हा होम युनिव्हर्सिटीच्या जागा इथल्या कॉलेजांतच मिळतील. पुण्याला क्लास लावला तरी ते बदलत नाही.

भुसावळ_जंक्शन
माझं मत, कॉम्प्युटरचा हट्ट सोडा. ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) घ्या, प्रोग्रामिंग बाजूने शिकता येतं. वर्ष घालवू नका.

पॉली_नंदुरबार
मी पण हेच म्हणतो, वर्ष घालवू नका. डिप्लोमा.

बोरीकाठ
सगळ्यांचे आभार. चार रकान्यांची वाटणी तिने स्वतः केली: धडा येत नव्हता 6 (त्यातले 5 अकरावीचे), सूत्र 4, आकडेमोड 8, वाचण्यात चूक 3. कागद समोर आल्यावर दोन आठवड्यांत पहिल्यांदा नीट जेवली आणि म्हणाली, हे मला येतंय.

तिने ठरवलंय ते कोणीच सुचवलं नव्हतं. कॅप नोंदणी करणार, पण ऑप्शनमध्ये फक्त कॉम्प्युटर आणि आयटी, तेही जळगाव-धुळे जिल्ह्यातलं. नाही लागलं तर प्रताप कॉलेजात बीएस्सीला अनुदानित तुकडीत प्रवेश, आणि सोबत सीईटी 2026. थेट दुसऱ्या वर्षाच्या आशेवर नाही, रोज घराबाहेर पडायचं आणि गणित हातात राहायचं म्हणून. क्लास नाही. पैशातून एक जुना डेस्कटॉप, इन्व्हर्टर आणि टेस्ट सिरीज. डिप्लोमाला ती नाही म्हणाली.

गणित_धुळे
बीएस्सीची 75 टक्के हजेरी आणि प्रॅक्टिकल यात रोजचे पाच-सहा तास जातील. मला हे जड वाटतं. तरी करायचंच ठरलं असेल तर ऐच्छिक विषयांत गणित घ्यायला लावा आणि हिवाळ्याची सत्र परीक्षा संपली की लगेच मॉक सुरू करा.

सेतूवाला
बीएस्सीला मूळ दाखला जमा होईल. पुढच्या जूनमध्ये तो परत घ्यायला अर्ज निकालाआधीच देऊन ठेवा, कॅपच्या कागदपत्र तपासणीत मुलं तिथेच अडकतात. गॅपच्या प्रतिज्ञापत्राची मात्र गरज पडणार नाही.

केळीबाग_रावेर
इन्व्हर्टरवर डेस्कटॉप तीन तास चालवायचा तर बॅटरी 150 एएचची घ्या, छोटी घेऊ नका.

बोरीकाठ
घेतो दादा. नॉन-क्रिमीलेअरचा अर्ज आज सकाळी टाकला, पावती मिळाली. वैधतेसाठी काकांच्या कागदांची झेरॉक्स उद्या पारोळ्याहून आणतोय.